दुपारी तीनला झोपणारा पीएलसी आणि मीन वेलचा १० अँपिअरवाला

भोसरीतल्या आमच्या शॉपमधला हायड्रॉलिक प्रेस मे महिन्यात रोज दुपारी तीनच्या सुमारास मधेच थांबायचा. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर, रिसेट. ऑपरेटर म्हणे प्रोग्रॅम बिघडलाय. मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) लावून ठेवला, तर पॅनेलमधल्या पॉवर सप्लायचे २४ व्होल्ट खाली येऊन १७.८ झालेले. आमच्या पीएलसीला किमान २०.४ लागतात.

बेरीज केली. एकावेळी ओढणाऱ्या व्हॉल्व्हच्या तीन कॉइल, प्रत्येकी ३० वॅट, म्हणजे ३.७५ अँपिअर. एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), पीएलसी, सेन्सर, रिले मिळून १.१. एकूण ४.८५. सप्लाय ५ चा. बसतंय की, म्हणून तो लावला होता कोणी? मीच. त्यातून पॅनेलमध्ये ५२ अंश तापमान, आणि वायरींची डक्ट सप्लायच्या डोक्यावर चिकटवलेली.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून मीन वेल कंपनीचा एनडीआर-२४०-२४ हा सप्लाय आणला. २४ व्होल्ट, १० अँपिअर, पंखा नाही. पंखा नाही हे मला फार आवडलं, कारण आमच्याकडे तेलाच्या वाफेने पंखे सहा महिन्यांत जाम होतात. रुंदी ६३ मिमी. जुना ४० चा होता, त्यामुळे रेलवरचं रिले कार्ड सरकवावं लागलं. वर ४० आणि खाली २० मिमी मोकळं सोडायला सांगितलंय. डक्ट कापली, पण जागा सोडली. जास्त तापमानात लोड कमी करावा लागतो, तेव्हा घेण्याआधी डेटाशीटमधला आलेख बघाच.

आता वायरिंगचं. आधी आउटपुटला १० अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडणारा ब्रेकर) होती. ती लगेच पडायला निदान ५० अँपिअर लागणार आणि हा सप्लाय शॉर्टमध्ये करंट दाबून धरतो, तेवढा देणारच नाही. म्हणजे एका सेन्सरची केबल चिरडली तर एमसीबी जागची हलणार नाही, व्होल्टेज बसेल आणि पीएलसी पुन्हा झोपेल. म्हणून प्रत्येक फांदीला फ्यूज टर्मिनल लावले, पीएलसीला वेगळी २ अँपिअरची फांदी दिली. कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका दाबायला कॉइलना डायोड. शून्य व्होल्टची वायर अर्थिंगला एकाच जागी जोडली.

लांबच्या व्हॉल्व्हवर मात्र २३.१ च येत होते. ०.७५ चौरस मिमीची केबल, १५ मीटर जायला आणि १५ यायला, एका कॉइललाच जवळजवळ एक व्होल्ट खाते. सप्लायच्या पुढचा, व्होल्टेज कमीजास्त करायचा छोटा पॉट फिरवून सप्लाय २४.५ वर आणला. स्क्रूड्रायव्हर अगदी बारीक हवा, माझा नेहमीचा घुसेना, शेवटी घड्याळवाल्याचा सेट मागवला.

पावसाळा गेला, पुढचा मे पण गेला. प्रेस एकदाही थांबला नाही. काढलेला ५ वाला फेकला नाही. वर्कबेंचवर सेन्सर तपासायला लावलाय, मजेत चालतोय बिचारा.