क्लिनिकल डेंटल टेक्निशियनची पदवी आणि माझे १ लाख ९५ हजार

शाहूपुरीतल्या एका डेंटल लॅबमध्ये मी १४ वर्षं काम करतोय. बारावी सायन्स झाली, मार्क बेताचेच पडले, तेव्हा काकांनी 'घरात बसण्यापेक्षा जा' म्हणून चिकटवलं ते चिकटलोच. आधी डॉक्टरांकडून दातांच्या मापांचे डबे आणायचे आणि पोचवायचे. मग प्लास्टर, मग मेणकाम, मग सेटिंग, म्हणजे कवळीचे दात जागेवर बसवणं. आता पूर्ण कवळीचं सेटिंग लॅबमध्ये मीच करतो.

बाहेरच्यांना हे काम माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं. आम्ही त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतून मॉडेल काढतो, मेणात दात बसवून ट्रायलला पाठवतो. डॉक्टरांनी पास केलं की फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डब्यात, घालून ॲक्रिलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. ज्याच्या तोंडात ती जाणार तो माणूस आम्हाला कधी दिसत नाही. इतकी वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यातली तोंडं बघतोय, पण सगळी प्लास्टरची.

आणि एक टोचणी कायम. लग्न ठरवताना सासरकडच्यांनी विचारलं, "दातांचं काम म्हणजे डॉक्टर का?" मामा म्हणाले, "तसंच धरा." हे 'तसंच धरा' मला नऊ वर्षं पुरलं. माझा खिसा कापणाऱ्याला ते कसं कळलं माहीत नाही, पण त्यानं बरोब्बर तिथंच बोट ठेवलं.

२०२२च्या मे महिन्यात लॅबमध्ये एक पत्रक आलं. तीन वर्षांची 'क्लिनिकल डेंटल टेक्नॉलॉजी' पदवी, लंडनशी संलग्न, नोकरी सांभाळून, फक्त रविवारी वर्ग. राजारामपुरीत एका मोबाइलच्या दुकानावरती ऑफिस होतं. आत एसी, भिंतीवर दोन देशांचे झेंडे, आयएसओचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. सर म्हणून जे बसले होते ते पन्नाशीचे, गोड बोलणारे. पाणी, चहा, "बस भावा." मी लॅबमध्ये काय काय करतो ते त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. आमचे मालकसुद्धा कधी इतकं ऐकत नाहीत.

मग ते म्हणाले, "इंग्लंडमध्ये तुझ्यासारखा माणूस थेट पेशंटला कवळी बसवतो. स्वतःचा दवाखाना असतो त्याचा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी अडकलो. इंग्लंडमध्ये क्लिनिकल डेंटल टेक्निशियन हा खरोखरचा पेशा आहे. तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलकडे २००७पासून त्यांची वेगळी नोंदणी होते. ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही अशा माणसाचं माप तो स्वतः घेतो, पूर्ण कवळी करतो आणि बसवतो. कॅनडात अशाच माणसाला डेंच्युरिस्ट म्हणतात. सरांनी यातलं खरं तेवढं सांगितलं आणि पुढचं गिळलं. तोंडात थोडे जरी दात असले किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू) असलं, तर तिथंही पेशंटला आधी डेंटिस्टनं तपासून उपचार ठरवून द्यावे लागतात. आणि तो अभ्यासक्रम बहुधा तिथं डेंटल टेक्निशियन म्हणून आधीच नोंदणी झालेल्यांसाठी असतो. राजारामपुरीत रविवारी वडापाव खात तो होत नाही.

प्रवेशाचे ४० हजार, दरवर्षी ६० हजार. पहिल्या खेपेला बायकोचं गंठण पतसंस्थेत ठेवलं, दुसऱ्या वर्षी भिशी उचलली. बायको एवढंच म्हणाली होती, "पावती नीट घ्या." पावती मी घेतली, वाचली मात्र दोन वर्षांनी. त्यावर 'कौशल्य मार्गदर्शन शुल्क' असं छापलं होतं. पदवी, विद्यापीठ, प्रवेश यातला एक शब्द नाही. निम्मे पैसे रोखीत घेतलेले आणि यूपीआयवर गेलेले एका बाईंच्या खाजगी खात्यावर, ज्यांना मी कधी बघितलंही नाही.

आता जे सांगतो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. कागद मला कळला नाही हे समजू शकतो. पण काम तर कळत होतं!

तिसऱ्या-चौथ्या रविवारी प्रॅक्टिकल होतं. शिकवणाऱ्यांनी टेबलावर अल्जिनेटचं, म्हणजे माप घ्यायच्या लगद्याचं, एक माप ठेवलं आणि म्हणाले, कालच घेऊन ठेवलंय. उघड्यावर, कोरडं. कडा पांढऱ्या पडून सुटलेल्या. अल्जिनेटमधलं पाणी उडालं की ते आक्रसतं, ही आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकायची गोष्ट. माप घेतल्यावर लगेच ओता, नाहीतर ओल्या कापडात गुंडाळून पाठवा, असं आम्ही डॉक्टरांच्या हातापाया पडून सांगतो. या गृहस्थांनी त्या वाळक्या मापात खुशाल स्टोन ओतला आणि "परफेक्ट" म्हणाले.

पुढच्या महिन्यात फ्लास्क. ॲक्रिलिक भरून त्यांनी तो सरळ खळखळत्या पाण्यात सोडला. आम्ही ७४ अंशांवर दोन तास ठेवतो आणि मग एक तास उकळतो, कारण घाई केली तर आतला मोनोमरच (ॲक्रिलिकमधलं पातळ द्रव) उकळतो आणि कवळीत बुडबुडे धरतात. तसंच झालं. जाड भागात अगदी जाळीच्या घावनासारखी भोकं. मी शेजारच्या पोराकडे बघितलं, तो इचलकरंजीच्या एका लॅबमधला होता. त्यानंही माझ्याकडे बघितलं. दोघंही गप्प राहिलो.

का गप्प राहिलो ते सांगतो. तोवर एक लाख गेले होते. आणि मनात असं की, हाताचं काम तर आपल्याला येतंच, इथं आपण कागदासाठी आलोय. शिकवणारा कच्चा असला तर असू दे. फसवणाऱ्याला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार? ज्याला काहीच येत नाही तो निदान प्रश्न तरी विचारतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 'क्लिनिकल ट्रेनिंग' सुरू झालं. म्हणजे करवीर तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात शिबिर. म्हाताऱ्या माणसांना ३ हजारांत कवळी. ते तीन हजारही संस्थेचे, मापं घेणारे आम्ही. गिऱ्हाईकं आणायचीही आम्हीच. मी माझ्या आत्तीला नेलं. आत्ती ७१ वर्षांची, वरचे-खालचे सगळे दात गेलेले, मिश्री अजून सुटलेली नाही. १४ वर्षांत पहिल्यांदा मी जिवंत माणसाच्या तोंडात मापाचा ट्रे घातला. खरं सांगू का, छाती भरून आली होती. आत्ती तर सगळ्यांना सांगत होती, "आमचा पोरगा डाक्टर झालाय."

कवळी मीच केली, लॅबमध्ये रात्री थांबून, नीट शिजवून. कवळी म्हणून बघाल तर काहीही खोट नव्हती. पण माप चुकलं होतं. खालच्या कवळीची कड आतल्या बाजूला लांब राहिली आणि जबडा मिटतो कसा ते मला धरता आलं नव्हतं. मॉडेलवर दात बसवणं वेगळं. जीभ हलते, गाल ओढला जातो, हिरडी दबते, हे प्लास्टर सांगत नाही.

तीन आठवड्यांनी आत्तीचा फोन. भाकरी चावत नाही आणि एका जागी आग होतेय. मी म्हटलं, सवय होईल. (हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं.) आणखी दहा दिवसांनी तिच्या सुनेनं फोटो पाठवला, जिभेच्या बाजूला हिरडीवर पांढरट कडेचा व्रण. माझे हातपाय गार पडले.

ज्या डेंटिस्ट मॅडमचं काम मी कित्येक वर्षं करतोय त्यांच्याकडे तिला नेलं. त्यांनी कवळी काढून ठेवायला लावली आणि सांगितलं, कवळीची जखम असेल तर टोचणारं गेल्यावर ती भरते. दोन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायचा, आणि मिश्रीवाल्या तोंडात तर यात टाळाटाळ नकोच. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाराव्या दिवशी जखम भरली.

मग मॅडमनी विचारलं, "माप कुणी घेतलं?"

मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त संगणक माझ्याकडे वळवला. जनरल डेंटल कौन्सिलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी असते, फुकट आणि सगळ्यांना उघडी. आमच्या संस्थेचं नाव त्यात नव्हतंच. पत्रकावर जे लंडनचं कॉलेज छापलं होतं, तेही नव्हतं. कौन्सिलचं नोंदणीपुस्तकही तसंच उघडं असतं. 'मी तिथला रजिस्टर्ड' म्हणणाऱ्या आमच्या सरांचं नाव टाकलं, काही निघालं नाही. चार मिनिटं लागली सगळ्याला. मी दोन वर्षं घालवली होती.

भारतातलं तर आणखी सोपं होतं. आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या डेंटिस्ट कायद्यात तीन माणसं होती: डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारा) आणि डेंटल मेकॅनिक. लॅबवाला तो मेकॅनिक. त्याचा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम होता, आणि नोंदणी राज्य दंत परिषदेकडे व्हायची. कवळी बसवण्यासाठी तोंडात जे काही करायचं ते या कायद्यानं दंतवैद्यकात मोडायचं आणि ते डेंटिस्टचं काम. क्लिनिकल डेंटल टेक्निशियन नावाचा माणूस या कायद्यात नव्हता. म्हणजे ती पदवी खरी असती तरी मला इथं दवाखाना टाकता आला नसता. आणि शिबिरात मी जे केलं ते बेकायदाच होतं. हे ऐकताना खुर्ची टोचायला लागली.

'संस्था स्वायत्त आहे, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) गरज नाही' असं आम्हाला सांगितलं होतं. १९५६च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा हक्क विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः प्रसिद्ध करतं. पण एक लक्षात ठेवा, आमचे सर त्या यादीत नव्हते, कारण त्यांनी कागदावर स्वतःला विद्यापीठ म्हटलंच नव्हतं. दंतवैद्यकाचा अभ्यासक्रम दूरशिक्षणानं चालवायला बंदी आहे, हेही मला तेव्हाच कळलं. आयएसओचं म्हणाल तर ते कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, पदवीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तसलं ते आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या बाटल्यांवरही छापलेलं असतं.

शेवटचे ३५ हजार 'लंडन रजिस्ट्रेशन आणि अपोस्टील' म्हणून गेले होते. अपोस्टील म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा आहे एवढंच. मुळात कागदच पोकळ असेल तर त्यावर कितीही शिक्के मारा.

जाब विचारायला गेलो तर सर आधी हसले, मग म्हणाले, "भावा, तू स्वतः पेशंटच्या तोंडात हात घातलायस. फोटो आहेत आमच्याकडं." या एका वाक्यावर आमच्या बॅचमधली निम्मी पोरं गप्प बसलीत, आजही. मला मॅडमनी वकील गाठून दिला. तो म्हणाला, आधी स्वतः काय केलंस ते तक्रारीत लिही, लपवू नकोस. तसंच लिहिलं. आठ जणांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली. पैसे २०२४च्या जुलैआधी गेले म्हणून जुनं ४२० कलम. त्यानंतर गेले असते तर भारतीय न्याय संहितेचं ३१८. यूपीआयच्या नोंदी, पत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज दिले. रोख दिलेल्या पैशांचं काय व्हायचं ते होईल. आजवर मला परत मिळालेत २० हजार, तेही तक्रारीच्या आदल्या दिवशी 'मिटवून टाकू' म्हणून आलेले.

त्या बॅचमध्ये कोल्हापूर, सांगली, निपाणीकडचे कुणी असाल तर पावत्या फाडू नका. घरच्यांना सांगितलं नसेल तर आधी ते सांगा. पैसे बुडाले आणि गंठण अडकलं हे सांगायला मी महिना लावला, आणि बायकोला ते पतसंस्थेच्या नोटिशीवरून कळलं.

आत्तीची कवळी मॅडमनी पुन्हा माप घेऊन केली. लॅबचं काम माझ्याकडेच आलं, पैसे अर्थातच घेतले नाहीत. आता ती जोंधळ्याची भाकरी खाते आणि गावात मला अजून डाक्टरच म्हणते, किती सांगितलं तरी.

ऑफिस बंद आहे, झेंडे गेलेत, पण फोन चालू आहे. परवाच आला होता. पदवीदानाचे १५ हजार बाकी आहेत म्हणे, गाउनचं भाडं वेगळं. मी कवळी घासायचा लेथ बंद केला, रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "सर, गाउनचं जरा सविस्तर सांगा की."