जुन्या टायरांच्या रबरापासून बनवलेल्या लाद्या: छपराखाली उत्तम, उघड्यावर जपून

व्यायामाच्या खोलीत या काळ्या लाद्या बसवल्यापासून जड डंबेल खाली ठेवताना फरशी तडकेल ही धास्ती उरलेली नाही आणि आवाजही पुष्कळ दबला आहे. लाद्या वजनदार असल्यामुळे न चिकटवताही जागच्या हलत नाहीत आणि घामाने ओल्या झाल्या तरी त्यांवरून पाय घसरत नाही. वास मात्र येतो, आणि तो सौम्य नाही. रबर पक्के करताना वापरलेल्या रसायनांचे अवशेष त्यात राहिलेले असल्याने लाद्या बसवण्यापूर्वी काही दिवस मोकळ्या हवेत, सावलीत पसरून ठेवणे इष्ट. बंद खोलीत थेट अंथरल्यास डोके दुखण्याची शक्यता आहे.

या लाद्या टायर वितळवून बनत नाहीत, कारण टायर वितळतच नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकासह तापवण्याची जी युक्ती सापडली, तिने रबराचे रेणू एकमेकांना कायमचे जखडले जातात. टायर टिकाऊ होतो तो यामुळे आणि निकामी झाल्यावर डोईजड होतो तोही यामुळेच. म्हणून त्याचे तुकडे करून चुंबकाने पोलादी तारा आणि हवेच्या झोताने धागे वेगळे काढतात, आणि उरलेल्या रबराचा चुरा करतात. काही कारखाने द्रवरूप नायट्रोजनने रबर काचेसारखे ठिसूळ होईपर्यंत गोठवून मग ते कुटतात. हे दाणे पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्यात कालवून साच्यात दाबले की लादी तयार होते. निळ्या-लाल ठिपक्यांच्या लाद्या दिसायला देखण्या असल्या, तरी ते ठिपके सहसा टायरचे नसून वेगळ्या कृत्रिम रबराचे असतात. टायरचाच पुनर्वापर व्हावा अशी इच्छा असेल तर साधी काळी लादी घ्यावी.

पर्यावरणाचा जो दावा वेष्टनावर छापलेला असतो, तो खोटा नाही. उघड्यावर पडलेल्या टायरच्या पोकळीत पावसाचे पाणी साचून डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते, आणि ढिगाला आग लागली तर ती विझता विझत नाही. कॅनडातील हॅगर्सव्हिल येथे १९९० मध्ये लागलेली अशी आग १७ दिवस धुमसत होती आणि जळणाऱ्या रबरातून सुटलेल्या तेलाने जमीन व भूजल दूषित होण्याचा धोका निर्माण झाला होता. सिमेंटच्या भट्टीत टायर जाळल्यास उष्णता मिळते, पण रबर संपते. लादीत ते अनेक वर्षे वापरात राहते. तरीही टायरचा सांगाडा शाबूत असेल तर त्याला नवा पट्टा चढवून तो पुन्हा चाकावर घालणे अधिक श्रेयस्कर, कारण त्यात बहुतेक टायर जसाच्या तसा वाचतो. ट्रकच्या टायरांबाबत हे सर्रास केले जाते.

उघड्या गच्चीसाठी किंवा बागेसाठी मात्र या लाद्यांची शिफारस मी सहज करणार नाही. काळे रबर उन्हात इतके तापते की अनवाणी उभे राहवत नाही. शिवाय ऊन-पावसाने चिकटद्रव्य कमकुवत झाले की कडा झिजून दाणे सुटतात, ते पाण्याबरोबर गटारात जातात आणि रबरातील जस्तही झिरपते. खेळाच्या मैदानांवर भरल्या जाणाऱ्या अशाच सुट्या दाण्यांवर युरोपीय संघाने सूक्ष्म प्लास्टिक म्हणून २०२३ मध्ये निर्बंध आणले, आणि मैदानांना बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. म्हणून खरेदीच्या वेळी लादीच्या कडेवर अंगठा जोराने घासून पाहावा. दाणे हाताला लागले तर ती लादी, कितीही स्वस्त असली तरी, परत ठेवावी.

देखभाल सोपी आहे: सौम्य साबणाचे पाणी पुरते, पेट्रोल किंवा थिनर मात्र लावू नये. धारदार कटरने सरळपट्टीच्या आधाराने, एकाच जागी अनेकदा ओढून लादी हवी तशी कापता येते. झिजलेल्या लाद्या परत घेणार का, या प्रश्नाला विक्रेत्याकडून धड उत्तर मिळाले नाही, आणि पाचपैकी एक तारा मी त्यासाठीच कापला आहे.