एस्सिटालोप्राम १० एमजी: ८ महिने झाले, जांभयांसकट अनुभव

गणपतीत गावी जे झालं त्यानंतर म्हटलं आता लिहूनच टाकू. या डिप्रेशन-अँग्झायटीवरच्या गोळीची स्ट्रिप संपत आलेली, चिपळूणला घेऊ म्हटलं, तर केमिस्ट म्हणे चिठ्ठी दाखवा (त्याचं बरोबरच आहे, शेड्यूल एचची गोळी, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही), चिठ्ठी पुण्यात कपाटात आणि डॉक्टर सुट्टीवर. ४ दिवस खाडा. तिसऱ्या दिवशी आरतीला उभा होतो, मान वळवली की डोक्यात झर्रकन करंट लागल्यासारखं व्हायचं, हातातली टाळच खाली ठेवली. नंतर डॉक्टर म्हणाले, हे व्यसन नाही, पण अचानक तोडली की असं होतं, बंद करायची तर आम्ही हळूहळू कमी करत आणतो. अहो मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?

गुण येतो का तर येतो, पण दम धरावा लागतो. पहिले २ आठवडे मळमळ आणि उलट घालमेल वाढलेली, पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. पाचव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की आंघोळ झाली, लाईट बिल भरलं, चहा टाकला आणि यातल्या एकाही गोष्टीसाठी स्वतःशी भांडलो नाही. आनंद वगैरे काही नाही हो, नुसतं ओझं उतरलं.

पण जांभया! झोप ८ तास पूर्ण, तरी जबडा दुखेपर्यंत जांभया. मीटिंगमध्ये साहेब बोलतोय आणि मी आ वासून. सत्यनारायणाला भटजींनी पोथी थांबवून बघितलं माझ्याकडे. गोळी रात्रीची सकाळी करून पाहिली, काही फरक नाही. बाकी तो दुसरा नाजूक त्रासही आहे, तो डॉक्टरांशी न लाजता बोला, इथे नको.

अजून एक. काकी गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नाही, हा गोळीचा मोठा तोटा म्हणून लिहिणार होतो. पण मागच्या वर्षी दुधाची पिशवी फाटली म्हणून ओट्याखाली बसून तासभर रडलेलो, ते आठवलं आणि आता ठरवता येत नाहीये.

खर्चाचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधीची (सरकारी योजनेतल्या दुकानातली स्वस्त जेनेरिक) चालू केली, तेच औषध, मला तरी फरक जाणवला नाही, मधले ६ महिने उगाच ब्रँडच्या नावाचे पैसे भरले. पाकिटात आता ५ गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स कायम असते.

हे लिहीपर्यंत ७ जांभया. मोजल्या.