शॉक ट्यूब की उघड्यावरचा स्फोट?

घराघरात फौजी असलेलं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव साताऱ्याजवळ असताना स्फोटलहरीनं मेंदूला काय होतं, हा प्रश्न इथे निव्वळ पुस्तकी नाही. पण उंदरांवर अभ्यास करायचा, तर स्फोट आणायचा कुठून?

सातारा-सांगलीतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला शॉक ट्यूबच झेपेल. दाबाखालचा वायू मायलारचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, पडदा फोडतो आणि लहर नळीतून धावते. पडदा जाड केला की शिखरदाब, म्हणजे लहरीचा सर्वांत जास्त दाब, वाढतो. नायट्रोजनऐवजी हीलियम वापरला की दाबाचा काळ आखूड होतो, खऱ्या स्फोटाच्या जवळ जातो. खरी गोम प्राणी ठेवण्यात आहे. नळीच्या तोंडाबाहेर ठेवला तर लहरीमागून येणारा वायूचा झोत त्याला ढकलतो, आणि मोजली जाते ती झोताची इजा! म्हणून उंदीर नळीच्या आत, तोंडापासून बराच मागे ठेवा आणि डोकं घट्ट बांधा. डोकं हिसकलं तर हिसक्याची इजा लहरीच्या खात्यावर जमा होते. प्राण्यानं नळीचा छेद फार अडवला तरी लहर बिघडते. दाबमापक त्याच्या शेजारीच हवा.

उघड्यावर लहर खरी मिळते, जमिनीवरून परतणाऱ्या लाटेसकट. पण स्फोटकांचा परवाना, चाचणीचं मैदान, वारा, पाऊस... शिवाय दोन स्फोट तंतोतंत सारखे होत नाहीत, त्यामुळे प्राणी जास्त लागतात. नीतिशास्त्र समिती पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.

प्राण्याला दिलेली भूल मात्र दोन्हीकडे घात करते. आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध स्वतःच मेंदूला थोडं वाचवतं, म्हणून इजा कमी दिसते. तेव्हा स्फोट न दिलेल्या गटालाही तेवढीच भूल, तेवढाच वेळ द्या.