नार्कोटिक्सचं कॅबिनेट: नऊ महिन्यांचा वापर, लायसन्सच्या नजरेतून

टेक्सासमधल्या एका मेडिकल-सर्जिकल वॉर्डात, १२-१२ तासांच्या पाळ्यांमध्ये नऊ महिने वापरलेल्या ऑटोमेटेड डिस्पेन्सिंग कॅबिनेटबद्दल, म्हणजे औषधं कुलूपबंद ठेवून कोणी काय काढलं ते नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल, हे लिहितोय. पिक्सिस घ्या नाहीतर ऑम्निसेल, बोटाचा ठसा देऊन ड्रॉवर उघडायची पद्धत साधारण सारखीच, त्यामुळे ब्रँडची तुलना इथे नाही. पाहायचं एवढंच की उद्या फार्मसीने फेंटानिल या तीव्र, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाबद्दल ‘ते कुठे गेलं?’ असं विचारलं, तर या कॅबिनेटची नोंद नर्सच्या कामी येते की तिच्याच अंगावर येते.

महाराष्ट्रातून आलेल्या सिस्टरांना डबल लॉकचं कपाट, नार्कोटिक रजिस्टर आणि रिकामं अँप्युल परत केल्याशिवाय नवं न मिळणं, याची सवय असते. तिथे हातात वस्तू असते. इथे रिकामी व्हायल टाकून दिली जाते आणि मागे उरते फक्त नोंद. शिवाय कॅबिनेटला फक्त बाहेर काय निघालं ते कळतं. औषध रुग्णाच्या शिरेत गेलं की नाही हे त्याच्या गावीही नसतं. ते सिद्ध करतात ई-मारवरचं (औषध दिल्याच्या संगणकीय नोंदीवरचं) स्कॅनिंग, रुग्णाने सांगितलेला वेदनेचा आकडा आणि वेस्टची, म्हणजे उरलेलं औषध फेकून दिल्याची, साक्ष. या तीन नोंदी एकमेकींना धरून असतील तर हे यंत्र नर्सचा सगळ्यात चांगला साक्षीदार ठरतं. त्यातली एक जरी सुटली, तरी औषधचोरीचा आरोप उभा करायला फार्मसीला तेवढी फट पुरते.

उदाहरण घ्या. ऑर्डर आहे फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम आयव्ही. ड्रॉवरमधली व्हायल २ मिलीची, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ०.५ मिली द्यायचं आणि १.५ मिली, म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम, वेस्ट करायचं. १४:०२ ला काढलं, १४:०६ ला रुग्णाच्या हातावरचा पट्टा आणि व्हायल स्कॅन केली, १४:१० ला दुसऱ्या नर्ससमोर वेस्ट केलं आणि अर्ध्या तासाने वेदना ८ वरून ४ वर आल्याचं चार्ट केलं, तर कोणी बोट दाखवू शकत नाही. तेच वेस्ट पाळी संपताना १८:४० ला केलं, तर मधले साडेचार तास उरलेलं औषध कुणाच्या खिशात होतं, हा प्रश्न विचारला जाणारच. जमेल तिथे वेस्ट कॅबिनेटसमोरच, काढतानाच करावं. यंत्रात ती सोय आहे, पण घाईत बरेच जण ‘नंतर वेस्ट करू’वर बोट ठेवतात. साक्षीदारानेही द्रव डोळ्यांनी पाहूनच ठसा द्यावा. न पाहता दिलेली साक्ष दोघांचीही लायसन्स अडचणीत आणते.

सगळ्यात जास्त घोटाळा एककांचा होतो, आणि तो इतका साधा आहे की चीड येते. हायड्रोमॉर्फोन या दुसऱ्या तीव्र वेदनाशामकाची २ मिलीग्रॅम प्रति मिलीची, १ मिलीची सिरिंज, ऑर्डर ०.५ मिलीग्रॅमची. द्यायचं ०.२५ मिली, फेकायचं ०.७५ मिली, म्हणजे १.५ मिलीग्रॅम. स्क्रीन मिलीग्रॅम विचारते आणि दमलेला हात सिरिंजवर दिसणारं ०.७५ टाइप करतो. नोंद होते: काढलं २, दिलं ०.५, फेकलं ०.७५. पाऊण मिलीग्रॅम हवेत गायब! महिन्यातून असं तीनदा झालं की अहवालात तो ‘पॅटर्न’ दिसतो. आकडा टाइप केल्यावर मोठ्याने म्हणायचा, ‘दीड मिलीग्रॅम, बरोबर?’, आणि साक्षीदाराचा होकार ऐकूनच पुढे जायचं.

दुसरी अडचण काउंटची. ड्रॉवर उघडला की आतले नग मोजून आकडा टाकायचा असतो. ब्लाइंड काउंट असेल, म्हणजे अपेक्षित आकडा स्क्रीनवर दिसत नसेल, तर उत्तम. दिसत असेल तर लोक न मोजताच होकार देतात. मग कधीतरी कुणीतरी खरं मोजतं, एक गोळी कमी निघते आणि यंत्र शेवटच्या ‘बरोबर’ काउंटपासूनच्या सगळ्यांची नावं पुढे करतं. न मोजता होकार दिलेली नर्स त्या यादीत विनाकारण अडकते. डिस्क्रेपन्सीचा (आकडा न जुळल्याचा) इशारा दिसला की पाळी संपायच्या आत चार्ज नर्सला (त्या पाळीच्या प्रमुख नर्सला) सोबत घेऊन सोडवावा आणि कारण नेमकं लिहावं. ‘काउंट एरर’ हे कारण नाही. ‘खालच्या थरातल्या दोन व्हायली मोजायच्या राहिल्या, ७ नव्हे ९’ हे कारण आहे.

ठशाबद्दल: सॅनिटायझरने कोरडी पडलेली बोटं वाचक ओळखत नाही, मग लोक पासवर्डवर जातात आणि पासवर्ड शेजारणीला ऐकू जातो. सेशन उघडं ठेवून रुग्णाकडे धावणं त्याहून वाईट, कारण मागून येणाऱ्याने जे काढलं ते तुमच्या नावावर चढतं. ड्रॉवर उघडून ‘कॅन्सल’ केलेल्या नोंदीही अहवालात मोजल्या जातात, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

घड्याळांचं आणखी एक. कॅबिनेटचं आणि ई-मारचं घड्याळ काही मिनिटांनी वेगळं असू शकतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या रात्री १:४० ला काढलेलं औषध १:१५ ला दिल्याचं कागदावर दिसू शकतं. त्या रात्रीच्या नोंदींना वेळेबद्दल एक ओळ जोडावी.

फार्मसी बहुतेक ठिकाणी दर महिन्याला प्रत्येक नर्सने काढलेले ओपिऑइड (फेंटानिलच्या जातीची वेदनाशामकं) बाकीच्यांशी ताडून पाहते. सरासरीपासून दोन-तीन प्रमाण विचलनं (स्टँडर्ड डेव्हिएशन), म्हणजे बरंच, वर गेलेलं नाव वेगळं काढलं जातं. या अहवालातला कच्चा दुवा म्हणजे तुलना कुणाशी, हे. चार पाळ्या जास्त करणारी, नेहमी ऑपरेशननंतरचे रुग्ण घेणारी किंवा फ्लोट होणारी (गरजेनुसार दुसऱ्या वॉर्डात पाठवली जाणारी) नर्स आपोआप वर दिसते. बचाव करताना पहिली मागणी हीच: कामाचे तास किती, रुग्ण कोणते, आणि ‘बाकीच्या’ नर्स नेमक्या कोणत्या?

हॉस्पिटल घाई करतं त्याला कारण आहे. चोरी किंवा मोठी तूट आढळली की डीईएला, म्हणजे नियंत्रित औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी केंद्रीय संस्थेला, एका कामकाजाच्या दिवसात लेखी कळवावं लागतं, पुढे त्या तुटीचा फॉर्म १०६ भरावा लागतो. न्यू हॅम्पशायरमध्ये फेंटानिलच्या सिरिंज चोरणाऱ्या एका टेक्निशियनमुळे रुग्णांना हिपॅटायटिस सी झाला होता आणि २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. त्यामुळे संशयाला सवलत मिळेल ही आशा ठेवू नये.

आरोप झालाच तर बोलावणं अचानक येतं. खोलीत मॅनेजर, एचआर आणि फार्मसी, लगेच लघवीची चाचणी आणि समोर कोरा कागद: ‘काय झालं ते लिहा.’ चाचणीला नकार देणं बहुतेक वेळा महागात पडतं. मात्र पॅनेलमध्ये फेंटानिल वेगळं तपासलंय का, हे विचारावं. नेहमीच्या ओपिएट चाचणीत ते दिसत नाही, म्हणजे तिचा निगेटिव्ह निकाल तुमच्या काही कामाचा नाही. नमुना तुमच्यासमोर सील होऊन सही झाली पाहिजे. स्वतः घेत असलेली औषधं मॅनेजरला नव्हे, तर निकाल तपासणाऱ्या डॉक्टरला सांगावीत. लेखी निवेदन वकिलाशी बोलून देईन, एवढं नम्रपणे सांगावं. ‘कदाचित वेस्ट करायला विसरले असेन’ हे सहज लिहिलेलं वाक्य पुढे लायसन्स देणाऱ्या नर्सिंग बोर्डासमोर कबुली म्हणून वाचलं जातं.

त्या दिवसानंतर चार्ट उघडू नये. मागची नोंद ‘दुरुस्त’ केली की ऑडिट ट्रेलमध्ये वेळेसकट दिसते. रुग्णांचे कागद घरी नेऊ नयेत, त्याने हिपाचा (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचा) वेगळाच आरोप ओढवतो. साक्षीदार नर्सला फोन करून ‘आठवतंय ना तुला?’ विचारणंही टाळावं. स्वतःसाठी तारीख, वॉर्ड, पाळी आणि हजर असलेल्यांची नोंद करावी, रुग्णांची नावं न घालता. बाकी रेकॉर्ड वकील मागवतो.

बोर्डाकडून तडजोडीचा मसुदा येतो, टेक्सासमध्ये त्याला ‘ॲग्रीड ऑर्डर’ म्हणतात. सही केली की बोर्डाची कारवाई नर्सिस या नर्सच्या लायसन्सच्या ऑनलाइन यादीवर कुणालाही दिसते आणि दुसऱ्या राज्याचं बोर्डही ती वाचतं. टीपॅपनसारखा (टेक्सासमधल्या नर्सना देखरेखीखाली मदत करणारा कार्यक्रम) पीअर असिस्टन्सचा मार्ग व्यसन असलेल्यांसाठी खरोखर तारणारा आहे. ज्यांना व्यसन नाही त्यांनी केवळ प्रकरण मिटावं म्हणून त्यात शिरू नये, नाहीतर अचानक चाचण्या आणि कामावरची बंधनं दीर्घकाळ गळ्यात पडतात.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांचं गणित आणखी वेगळं आहे. फौजदारी खटल्यात ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ (दोषी ठरवणं पुढे ढकलून देखरेखीखाली ठेवणं) घेतलं, तर टेक्सासच्या कायद्यात ती दोषसिद्धी नाही, पण गुन्हा कबूल केला असेल तर इमिग्रेशनच्या कायद्यात ती दोषसिद्धीच धरली जाते. नियंत्रित औषधाच्या गुन्ह्याची नुसती कबुलीही प्रवेश नाकारायला कारण ठरू शकते. म्हणून बोर्डाच्या मसुद्यातलं प्रत्येक वाक्य सहीआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडूनही वाचून घ्यावं.

हॉस्पिटलचा विमा हॉस्पिटलला वाचवतो. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी घेताना त्यात ‘लायसन्स प्रोटेक्शन’ आहे का आणि वकिलाच्या फीची मर्यादा किती, हे पाहावं. ती पॉलिसी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच घ्यावी, कारण आरोपानंतर घेतलेली त्या प्रकरणाला लागू होत नाही.