लर्चरसाठी बाप कॉली कोणता? बॉर्डर आणि बिअर्डेड, दोन्ही रक्तांचे कुत्रे राबवल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये नॉर्फोकच्या ब्रेकलंड भागात आम्ही घोड्यांची पागा सांभाळतो. जमीन सगळी रेताड. मध्ययुगात इथे मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे मुद्दाम राखले जात. थेटफर्डजवळ त्यांच्या रखवालदाराची दगडी गढी अजून उभी आहे. ससे मात्र आता कुरणात बिळं करतात, आणि पळत्या घोड्याचा पाय बिळात गेला तर हाड मोडतं. १९५४च्या पेस्ट्स ॲक्टनुसार त्यांचा बंदोबस्त करणं जमीनधारकाचंच काम. आम्ही विष वापरत नाही. फेरेट (बिळात सोडून ससे बाहेर हुसकावणारा, मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी), बिळांच्या तोंडावर लावायची जाळी आणि लर्चर, एवढ्यावर भागवतो.

लर्चर म्हणजे ग्रेहाउंडसारखा नजरेवर धावणारा कुत्रा आणि कामाचा कुत्रा यांचा संकर. सोलापूर-सांगलीकडच्यांनी कारवान पाहिला असेल. तसाच लांब पायांचा, खोल छातीचा, पण सांगितलेलं ऐकणारा. ते ऐकणं कॉलीकडून, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या कामाच्या कुत्र्याकडून येतं. म्हणूनच कॉली कोणता निवडला यावर सगळं ठरतं. वेग तर ग्रेहाउंड आईकडून मिळणारच.

आमच्याकडे दोन आहेत. बिजलीचा बाप बॉर्डर कॉली, भुऱ्याचा बाप कामाचा बिअर्डेड कॉली. दोघांच्या आया शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड. दोघांनी दोन हिवाळे एकाच कुरणात काम केलंय, त्यामुळे तुलना बरीच खरी आहे असं मला वाटतं.

आधी बिजलीबद्दल. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ नॉर्थंबरलंडमध्ये १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प या कुत्र्यापर्यंत जातं. तो भुंकायचा नाही, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. पुढे पिढ्यानपिढ्या हीच नजर निवडली गेली. मेंढ्यांसाठी ती सोनं आहे, सशांसाठी अर्धी. कोणत्या बिळात ससा आहे हे बिजली वास घेऊन सांगते: एक पाय उचलते, शेपूट ताठ, आणि दगडासारखी उभी राहते. हे ती पहिल्याच हिवाळ्यात शिकली. जाळ्यावर एकदाही पाय दिला नाही. फेरेट बाहेर आला तर मान वळवून जागा करून देते. आवाज? अजिबात नाही. बिळाशी भुंकणारा कुत्रा असला की ससे आत दबून बसतात, म्हणून हे फार मोलाचं.

अडचण ससा उघड्यावर निसटला की येते. काही वेळा ती थेट झडप घालत नाही, वळसा घालून त्याच्या पुढे जाते आणि दबून नजर लावते. तेवढ्यात ससा कुंपणात. हे शिकवणीतलं न्यून नाही, रक्तातलं आहे. तिच्या बापाला मी मेंढ्यांवर काम करताना पाहिलं, तेव्हा उलगडा झाला: तोही पोट जमिनीला टेकवून, एकाच मेंढीवर खिळून राहणारा. शेजारच्या मेंढपाळाकडे दुसरा बॉर्डर कॉली आहे, उभ्याने चालणारा, सैल नजरेचा, मेंढा अंगावर आला तर नाकावर चावा घेऊन मागे सरवणारा. लर्चरसाठी बाप हवा तर असा. पदक जिंकलेलाच हवा असं काही नाही.

भुऱ्याची गोष्ट वेगळी. बिअर्डेड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रदर्शनातला, जमिनीपर्यंत केस लोंबणारा कुत्रा येतो. ती शाखा जी. ऑलिव्ह विलिसन यांनी १९४४पासून नव्याने उभी केली. स्कॉटलंडच्या डोंगरांवर राबणारे त्याहून आखूड केसांचे, सडसडीत, आणि आपल्याला हवेत ते हेच. भुऱ्याला दाढी-मिश्या आणि राठ केस मिळाले, कारण दाढी-मिश्यांचा गुण प्रभावी असतो. बापाकडून एकदा आला की दिसतोच. बॉर्डर कॉलीचे लांब केस मात्र अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आले तरच दिसणारे, म्हणून बिजली आईसारखीच आखूड केसांची. काटेरी तारेने तिची कातडी दोनदा फाटली, टाके पडले. भुऱ्या त्याच झुडपांतून जातो आणि फार तर कुसळं घेऊन येतो. पावसात तो तासन् तास उभा राहतो, ती थरथरते.

स्वभावाने भुऱ्या दणकट आहे. रागावलं तरी मनाला लावून घेत नाही. बिजलीवर आवाज चढवला तर अर्धा दिवस ती जवळ येत नाही. झडप घालण्यात तो जराही कचरत नाही. पण बिअर्डेडला डोंगरात मेंढ्या हाकायच्या त्या भुंकून, आणि तो वारसा भुऱ्याने पुरेपूर घेतलाय. फेरेट आत असताना त्याला दोर बांधूनच ठेवावा लागतो. शिकायलाही त्याला जास्त वेळ लागला. बिळात ससा नसतानाही तो बराच काळ ‘आहे’ म्हणून सांगत होता. न्यूझीलंडच्या हंटअवेचं रक्त घालावं का असं काही जण विचारतात. तो तर भुंकण्यासाठीच घडवलेला कुत्रा आहे, फेरेटच्या कामाला नको.

रफ कॉली, म्हणजे पुण्या-मुंबईच्या बंगल्यांत दिसणारा निमुळत्या तोंडाचा, या कामासाठी मी कधीच घेणार नाही. कित्येक पिढ्या त्याची पैदास दिसण्यासाठी झाली आहे. शिवाय त्याच्यात एमडीआर-१ हा जनुकदोष फार आढळतो, ज्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधं मोठ्या मात्रेत घातक ठरतात. बॉर्डरमध्ये तो कमी दिसतो, तरी तपासणी करून घ्यावी.

कायद्याचं एक. २००४च्या हंटिंग ॲक्टखाली जमीनमालकाच्या परवानगीने कुत्र्यांनी ससे आणि उंदीर धरता येतात. पण बिळात न राहणारा, उघड्यावर बसणारा मोठा ससा, ज्याला इथे हेअर म्हणतात, त्याच्यामागे कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे, आणि २०२२पासून शिक्षा आणखी कडक झाली आहे. गाडीत लर्चर दिसला की पोलीस थांबवून विचारतात. लेखी परवानगी जवळ ठेवा.

पुढच्या वर्षी बिजलीची एक वीण घ्यायची आहे, तीही पिल्लांची घरं आधी ठरली तरच, कारण इथल्या प्राणी-आश्रयगृहांत टाकून दिलेले लर्चर भरपूर आहेत. ती ठिपकेदार निळसर, म्हणजे मर्ल रंगाची आहे, त्यामुळे नर मर्ल चालणार नाही; दोन्हीकडून तो जनुक आला तर पिल्लं बहिरी किंवा आंधळी होऊ शकतात. कॉलींमधल्या डोळ्यांच्या आनुवंशिक दोषाचीही दोघांची चाचणी हवी, कारण तो अप्रभावी असल्याने वरून निरोगी दिसणारा कुत्राही वाहक असू शकतो. पुन्हा ग्रेहाउंड नर दाखवला तर पिल्लं मोकळ्या माळावर जास्त पळतील, पण आमचं काम झुडपांच्या कडेचं आहे. भुऱ्याचं अंग आणि काळीज मला हवं आहे, आवाज नको. म्हणून सध्या बिअर्डेड रक्ताचा असा नर लर्चर शोधतेय, जो बिळापाशी फेरेट आत असताना दोराशिवाय गप्प बसतो. आणि ते मी प्रत्यक्ष कामावर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच ठरवणार आहे.