स्विफ्टला १५ इंची चाके: १८५/६५ घ्यावे की १९५/६५?

तिसऱ्या पिढीच्या मारुती स्विफ्टच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआय या प्रकारांना कंपनीकडून १६५/८० आर१४ मापाचे टायर येत, म्हणजे रुंदी १६५ मिमी, भिंतीची (टायरच्या बाजूची) उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. त्या जागी १५ इंची अलॉय घालायचे ठरले, तर १८५/६५ आणि १९५/६५ यांत दिसायला थोडाच फरक वाटतो. वेगाच्या हिशेबात तो बराच आहे.

स्पीडोमीटरला कळतात ते चाकाचे फेरे. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे मूळ टायरच्या व्यासावरून ठरवून ठेवलेले असते. मूळ टायरच्या भिंतीची उंची १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. तिची दुप्पट करून त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिमी मिळवले की व्यास ६१९.६ मिमी येतो. त्याच रीतीने १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी, म्हणजे जेमतेम ०.३ टक्के जास्त भरतो, तर १९५/६५ आर१५ चा ६३४.५ मिमी, म्हणजे २.४ टक्के जास्त. मूळ टायरवर गाडी खरोखर १०० च्या वेगाने धावत असताना काटा जिथे असतो, तिथेच तो असताना १९५/६५ वर खरा वेग १०२.४ असतो. काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे लगेच दंड होईल असे नाही. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा कॅमेरा खरा वेग मोजतो, आणि चालकाच्या हाती असलेली ती सवलत या टायरने कमी होते.

अ‍ॅव्हरेजचेही तसेच. मीटरवर १०,००० किमी पडले तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे १०,२४० किमी धावलेली असते, त्यामुळे हिशेबात अ‍ॅव्हरेज खऱ्याहून कमी दिसते. मोठ्या व्यासामुळे पिकअप थोडा मंदावतो, तो मात्र खराच.

१८५/६५ चा ०.३ टक्के फरक मनावर घेण्याजोगा नाही, कारण नव्या टायरची ८ मिमी नक्षी झिजून १.६ मिमीवर येईपर्यंत व्यास १२.८ मिमीने, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी आपोआप घटतो. शिवाय याच स्विफ्टच्या झेडएक्सआय प्रकाराला कंपनी हेच माप देत असे, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची धास्ती नाही; १९५/६५ घेताना ते बसवून पाहावेच लागेल. माझे मत निःसंशय १८५/६५ च्या बाजूने आहे. रुंदीचाच आग्रह असेल, तर १९५/६० आर१५ पाहावा. त्याचा व्यास ६१५ मिमी असल्याने काटा ०.७ टक्के जास्तच दाखवेल. कोणताही टायर घेताना त्याच्या भिंतीवरचा भारक्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नाही, एवढे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे.